मामांची चुकीची केबल

केबलचं नवं खोकं आलं की मामा आधी त्याचा वास घ्यायचे. मी ऑफिसात नवी होते तेव्हा मला वाटलं, हा माणूस वेडा तरी आहे नाहीतर मला घाबरवतोय. खोक्याच्या भोकाशी नाक नेऊन, डोळे मिटून एक लांब श्वास. मग आंब्याची पेटी उचलून बघतात तसं ते खोकं दोन्ही हातांवर तोलायचं. शेवटी खिशातली आकडीसारखी वाकडी सुरी काढून दोन इंच वायर सोलायची आणि आतलं तांबं खरवडायचं. खरवडूनही लालच राहिलं तर एक 'हूं' म्हणायचे. खाली पांढरं निघालं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, की खोकं परत. ते परत करायला मामा स्वतः जायचे, आणि दुकानदाराला काय काय ऐकवायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं ऑफिस दादरला, भाजीगल्लीच्या वर, दीड खोलीत होतं. लोकांच्या ऑफिसांत कंप्युटरच्या केबली टाकून द्यायच्या, एवढंच काम. गिरण्यांचा संप होऊन वीसेक वर्षं लोटली होती. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उठत होत्या, त्या प्रत्येक इमारतीत शेकडो टेबलं मांडली जात होती आणि टेबलागणिक एक वायर लागत होती. मी नकाशे काढायचे, कुठून कुठे किती मीटर ते लिहायचे. मामा ते भिंतीत आणि छतात उतरवायचे. त्यांचं नाव मस्टरवर होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे ते मामा. मला ते पहिलं वर्षभर 'मॅडम' म्हणायचे. मग एकदा माझ्या नकाशातली चूक मी आपणहून कबूल केली, तेव्हापासून 'बाय' झाले. मालवणी माणूस 'बाय' म्हणाला की समजावं, आपण घरातले झालो.

परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे, त्यांनी अठरा वर्षं काढली होती. गिरणी गेल्यावर वॉचमनकी केली. मग टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या एका ठेकेदाराची शिडी वाहिली आणि तिथून आमच्याकडे आले. शाळा सातवीपर्यंत. पण कुठली केबल कुठे घालावी आणि कुठे घालू नये हे त्यांच्याइतकं कळणारा माणूस मला नंतरच्या सगळ्या नोकऱ्यांत भेटला नाही, आणि त्यात इंजिनियर पुष्कळ होते.

मशिनांच्या धडधडीत अठरा वर्षं गेल्यामुळे मामांना ऐकू कमी यायचं. स्वतः मात्र मोठ्यांदा बोलायचे, गुपितसुद्धा मजल्याला ऐकू जाईल असं. आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या ओठांकडे टक लावून बघायचे, कारण ते ओठांवरूनच ऐकायचे. एका कंपनीतल्या रिसेप्शनिस्टने तक्रार केली, की तुमचा म्हातारा माझ्या तोंडाकडे विचित्र बघतो. मी तिला जाऊन सांगितलं, की अगं, ते तुझं ऐकतायत. तिचा विश्वास बसेना. तेव्हा मी दाराबाहेर उभी राहून काचेतून, आवाज न करता, नुसते ओठ हलवले. मामा आतून ओरडले, "चहा सांगितलास ना? मग माझा बिनसाखरेचा सांग!" ती पोरगी इतकी हसली की त्यानंतर त्या कंपनीत मामांना रोज तिच्याकडूनच चहा मिळायचा.

रिंग खात्यात सगळ्यांचंच असं असतं, असं मामा म्हणायचे. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ओठ आणि हात. चहाला जाऊ या, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, धागा तुटलाय, तंबाखू दे, बायको बाळंत झाली, प्रत्येकाला एक खूण. शिव्यांच्या तर किती तरी. मामांनी त्यातल्या दोनतीन मला शिकवल्या आणि मी त्या आमच्या मालकावर त्याच्या पाठीमागे मनसोक्त वापरल्या.

परळलाच एका विमा कंपनीचं ऑफिस होत होतं. केबलच्या प्रतींना आकडे असतात, आणि तिथला मॅनेजर म्हणजे सगळ्यात मोठा आकडा तो सगळ्यात चांगला असं मानणारा माणूस. "सेव्हन आलीय ना बाजारात? सेव्हन टाका. चारी बाजूंनी शील्ड असलेली." मी नकाशावर मुकाट्याने सात लिहायला घेतलं. मामांनी माझा हात धरला आणि मॅनेजरच्या शर्टाची बाही दोन बोटांत पकडली.

"साहेब, हे कापड किती काउंटचं?"

मॅनेजर बाही सोडवायला बघत होता.

"साठचं असंल. काउंट मोठा तेवढा धागा बारीक. ऐंशीचा धागा त्याहून भारी. पण ऐंशीच्या धाग्याचं पोतं शिवून त्यात तांदूळ भराल काय? धागा कशाला पायजे ते आधी बघायचं, मग आकडा. तुमच्या टेबलावर काय होणार? पॉलिशी छापणार, पत्रं धाडणार. त्याला फाइव्ह-ई पुरे. दहा वर्षांनी भिंत फोडायची नसंल तर सिक्स घाला. सेव्हनला चिलखत हाय. चिलखताला अर्थिंग लागतं. तुमच्या बिल्डरने केलंय? नसंल केलं तर तेच चिलखत आजूबाजूचा सगळा कचरा गोळा करून आत आणणार."

अर्थिंग केलेलं नव्हतं. सिक्स पडली. मॅनेजरने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, की हे कुठल्या कॉलेजचे.

जेवणाच्या सुट्टीत कधी लहर लागली तर मामा केबलचा एक तुकडा सोलून माझ्यापुढे धरायचे. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. "बघ बाय, चारींचा पीळ वेगळा. हिचा घट्ट, हिचा सैल. कशाला? सारखा पीळ दिला तर हिचं बोलणं तिला ऐकू जातं. मग कोणाचंच धड पोचत नाय." एका इंचात किती पीळ आहेत ते त्यांची बोटं न बघता मोजायची, गिरणीत सुताचे मोजायची तशी. टोकाला जोडणी करताना पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडलेला दिसला की ते टोक कापून टाकायचे, मग ते कुणी का केलेलं असेना. विजेच्या वायरीला खेटून आपली केबल न्यायची नाही, मध्ये वीतभर तरी जागा सोडायची. कोपऱ्यावर करकचून वाकवायची नाही. भिंतीतली केबल एकसंध तारेची, टेबलावरची बारीक तारांची, कारण टेबलावरची रोज हलते. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळायची नाही; त्यासाठी ते शिंप्याकडून सुती कापडाच्या चिंध्या आणायचे आणि केबलींचा जुडगा गाठ न मारता नुसता गुंडाळायचे. या नियमांत सूट नव्हती. मालकालाही नव्हती.

पण सगळ्यात मोठं पाप म्हणजे सांधा. फोर्टमधल्या एका ऑफिसात चार मीटर केबल कमी पडली, तेव्हा आमच्या दोघा कामगारांनी छताच्या आत गुपचूप तुकडा जोडून दिला. टेस्टरवर हिरवा दिवा लागला. मामा दुपारी आले, नुसता हात फिरवत गेले आणि एका जागी थांबले. मग त्यांनी ती साठ मीटरची केबल एकट्याने खेचून बाहेर काढली. मी खूप चिडले. संध्याकाळपर्यंत काम द्यायचं होतं.

"मामा, टेस्टर पास म्हणतोय ना!"

"आज म्हणतोय," ते केबल गुंडाळत म्हणाले. "बाय, अठरा वर्षं मी दुसरं काय केलं? धागा तुटला, सांध. तुटला, सांध. सुताचा सांधा कापडात जिरून जातो, घालणाऱ्याला कळत पण नाय. तांब्याचा जिरत नाय. तो भिंतीत बसून गंजत ऱ्हातो."

इतकं सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की केबल निवडताना हा माणूस चुकणं शक्य नव्हतं हे तुम्हाला कळावं. कारण आयुष्यात एकदा त्यांनी चुकीची केबल निवडली, आणि ती का निवडली हे मला वेळेवर कळलं नाही.

मामा जेवायला कुणाबरोबर बसायचे नाहीत. बरोबर साडेअकराला, भिंतीकडे तोंड करून, एकटे. मला ते खडूसपणाचं लक्षण वाटायचं. लग्न, मुलं यांविषयी विचारलं तर हात झटकून 'गेली' म्हणायचे आणि पुढे काही नाही. सणासुदीला सुट्टी मागायचे नाहीत. गणपतीत लालबागचा माणूस सुट्टी घेत नाही हे आमच्या मालकालाही विचित्र वाटायचं, पण त्याला ते सोयीचं होतं म्हणून त्याने कधी खोलात विचारलं नाही, आणि मीही नाही. याची मला आज लाज वाटते.

एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, की उद्या घरी येशील का, एक नकाशा काढायचाय. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला घरी बोलावलं होतं.

त्यांची खोली लालबागच्या एका चाळीत, पुढच्या इमारतीत तळमजल्याला शेवटची. समोर चौक, चौकापलीकडे मागची इमारत. मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चाळीच्या मंडळाने मुलांसाठी अभ्यासिका काढली होती. कंप्युटर कुणीतरी देणगी दिले होते, पण इंटरनेटची लाइन मागच्या इमारतीपर्यंत द्यायला कुणी तयार नव्हतं. मामांनी स्वतःच्या खोलीत लाइन घेतली आणि मंडळाला कळवलं, की इथून मी अभ्यासिकेपर्यंत केबल टाकून देतो. मंडळाचा सेक्रेटरी बँकेत कामाला होता, चाळिशीचा, गडबड्या माणूस. तो टेप धरायला आला. आम्ही तिघं गॅलरीतून चाललो होतो आणि माझ्या लक्षात आलं, की मामांना कुणी काही बोलत नाहीय. लोक मला 'कोणाकडे?' म्हणून विचारत होते, सेक्रेटरीला थट्टेने काहीबाही म्हणत होते. मामांना वाट देत होते, पण नजर देत नव्हते. पोरं तेवढी 'आजोबा, नेट कधी येणार' म्हणून मागे लागली होती.

मामा टेप गुंडाळायला मागे राहिले तेव्हा सेक्रेटरीने मला भराभर सांगून टाकलं. संपाच्या वेळी तो शाळेत होता. मामा आणि मागच्या इमारतीतला एक माणूस, दोघं एका गावचे, एका गिरणीत, एकाच मशिनच्या दोन बाजूंना. मामा त्याला 'बाजूवाला' म्हणायचे आणि तो मामांना. पहिल्या दिवसापासून दोघांचा डबा एक. संपातही दोघं गिरणीच्या गेटवर रोज बरोबर बसायचे. वर्षावर दिवस गेले. मग एका सकाळी मामा गेटच्या आत दिसले, कामावर. त्यांच्या बायकोला क्षय झाला होता, औषधाला घरात काही उरलं नव्हतं. बाजूवाल्याने चाळीच्या चौकात, सगळ्यांसमोर सांगितलं, की आजपासून ह्याचं माझं बोलणं बंद. सगळी चाळ त्याच्या मागे गेली. बायको सहा महिन्यांत गेली. दोन वर्षांत गिरणीही बंद पडली. बाजूवाला शेवटपर्यंत आत गेला नाही आणि त्यालाही काही मिळालं नाही.

"बाकीच्यांचा राग कधीच गेला हो मॅडम," सेक्रेटरी म्हणाला. "पण तो बोलत नाय म्हणून कोण बोलत नाय. आता सवयच झाली."

आम्ही मोजलं. मामांच्या खोलीपासून गॅलरीतून, चौकावरून, मागच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, जिना चढून अभ्यासिकेपर्यंत एकशे सदतीस मीटर. तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे जाते, पण तिच्यातलं बोलणं पोचत नाही. जास्त लांब जायचं तर मध्ये एक वहीएवढी पेटी बसवावी लागते, तिला विजेचा पॉइंट लागतो. नाहीतर सरळ फायबर टाकायची, काचेची केबल, ती किलोमीटरभर विनातक्रार जाते. शिवाय दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावरून तांबं न्यायचं नाही, वीज पडली तर दोन्हीकडची यंत्रं जातात, हा मामांचाच नियम. आमच्या ऑफिसात दोनशे मीटर फायबर उरलेली पडून होती. मी म्हटलं, "प्रश्नच नाही मामा. फायबर."

"तांबंच घालूया," मामा म्हणाले.

"अहो, पण..."

"तांबंच. मध्ये पेटी लावू. ऐंशी मीटरवर."

मी नकाशावर ऐंशी मीटर मोजले. खूण बाजूवाल्याच्या दारात पडली.

आज लिहिताना सगळं लख्ख दिसतं. त्या दाराशी जायला मामांजवळ वीस वर्षांत एकही कारण नव्हतं, आणि ते कारण त्यांनी केबलीत शोधून काढलं होतं. तेव्हा मात्र मला वाटलं, मामा म्हातारे झाले, फायबरच्या जोडणीला हात थरथरतो म्हणून टाळतायत. मी वाद घातला नाही, एवढंच.

पॉइंट मागायला ते मला बरोबर घेऊन गेले. बाजूवाला दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेला होता, मामांच्याच वयाचा, किडकिडीत, पांढऱ्या बनियनमध्ये. मामा त्याच्यासमोर उभे राहिले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "बाय, ह्यांना विचार, पोरांसाठी एक पॉइंट मिळंल काय." मी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे, बराच वेळ. मग उठला, आत गेला आणि भिंतीवरच्या एका पॉइंटवरची रेडिओची पिन काढून बाजूला उभा राहिला. मामा आत शिरले. स्क्रू पिळताना त्यांचा पेचकस दोनदा घसरला, तेव्हा म्हटलं, फायबरबद्दल माझा अंदाज बरोबरच होता.

परतताना चौकात थांबून मामा म्हणाले, "एकदा बोलूक व्हया गो तो. गाळी घातल्यान तरी चलात." एवढंच. त्यांना त्या माणसाचा आवाज ऐकायचा होता. मी विचारलं, तुमच्या त्या गिरणीतल्या खुणांत 'चुकलं माझं' अशी खूण नव्हती का. ते हसले. "कामात कधी लागली नाय."

अभ्यासिकेत नेट आलं. पोरं खूश झाली. आणि आठवड्याने सेक्रेटरीचा मला फोन आला, की रोज दिवेलागणीला, मामा कामावरून आले की, नेट जातं. मामा मागच्या इमारतीत जातात, पाचसात मिनिटांनी नेट येतं. रोज. तो बाजूवाला म्हातारा पॉइंटचं बटण बंद करून ठेवतो. मामांना विचारलं तर म्हणाले, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम हाय." मामा आणि व्होल्टेजचा प्रॉब्लेम! मला हसू आलं आणि मग रागही आला. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते असं, की दिवसभर शिडीवर चढलेला, छातीत कापूस साठून खोकणारा माणूस घरी येतो आणि तो खडूस थेरडा त्याला रोज जिना चढायला लावतो. वीस वर्षांचा सूड, बटणाबटणाने. हे चार महिने चाललं. मामांचा खोकला वाढत होता. सेक्रेटरीचे फोन वाढत होते.

चैत्रात मामा गावी गेले, पंधरा दिवसांसाठी, भावाच्या घराचं काहीतरी काम होतं. मी ठरवलं, ही कटकट मिटवून टाकायची. परत येतील तेव्हा सगळं नीट झालेलं असेल. ऑफिसातली फायबर काढली, दोन कामगार घेतले आणि रविवारी सकाळी जाऊन मामांच्या खोलीपासून अभ्यासिकेपर्यंत एका दमात टाकली. नेट बिघडलं तर लागेल म्हणून मामा खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे ठेवून गेले होते. काम सुरेख झालं, मामांनीही नावं ठेवली नसती. मग बाजूवाल्याच्या घरी गेले. तो खुर्चीतच होता. मी म्हटलं, "आजोबा, आता पेटीची गरज नाही, काढून नेते. तुम्हाला उगाच त्रास झाला." त्याने उठून दार पूर्ण उघडलं. मी पेटी काढली, तांब्याची केबल गुंडाळून घेतली. त्याने रेडिओची पिन परत लावली नाही, तशीच हातात धरून उभा राहिला. मला काय, मला कामाचं समाधान होतं. स्क्रूची भोकंसुद्धा मी बुजवून आले.

मामा गावाहून आले त्या दिवशी मी लवकर ऑफिसात पोचले. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू. ते दारातून आले, चपला काढल्या, माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"बरोबर केबल घातलीत मॅडम," ते म्हणाले.

मॅडम. ते माझ्या ओठांकडे बघत उभे होते, मी काय म्हणते ते ऐकायला, आणि मला काय चुकलं तेच कळत नव्हतं. मी म्हटलं, "आता जिने चढायला नकोत मामा." त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन खोकी मोजायला लागले. त्या दिवशी नवीन माल आला होता. त्यांनी वास घेतला नाही.

पुढे सातआठ महिने ते कामावर येत राहिले. काम चोख, पण मला परत कधी 'बाय' म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारलं, रागावलात का. "नाय हो," म्हणाले, "तुमचं बरोबरच हाय. तिथे फायबरच पायजे." हळूहळू मला कळत गेलं, रात्रीत कळलं असं नाही. जेव्हा पुरतं कळलं तेव्हा मी धाडस करून म्हटलं, की मामा, मी पेटी परत लावू का, फायबर बिघडली म्हणून सांगू. ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "खोटं सांगून कितीदा जायाचं त्याच्या दारात?" नंतर हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं आणि इस्पितळात आठ दिवसांत गेले. शेवटी गेले तेव्हा जवळ कुणी नव्हतं, असं वॉर्डातल्या नर्सने सांगितलं. मी त्याच दुपारी भेटून आले होते. ते झोपले होते, मी उठवलं नाही.

बाराव्या दिवशी चाळीत गेले. गावाहून भाऊ आला होता. खोलीत चारपाच माणसं. अभ्यासिकेतली पोरं दारात घुटमळत होती. मी चौक ओलांडून मागच्या इमारतीत गेले. का गेले सांगता येणार नाही, कदाचित भांडायला गेले असेन. बाजूवाला दाराबाहेर खुर्चीत होता. त्याने मला ओळखलं. आत हात करून त्याने सुनेकडून दुसरी खुर्ची मागवली आणि मी बसल्यावर बोलायला लागला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. गिरणीतल्या माणसाचाच आवाज, मोठा, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असा.

"रोज यायचा तो," म्हणाला. "बटण बंद केलं की यायचा. मी हाताने सांगायचो, धागा तुटलाय. तो हसायचा. बटण चालू करून, पेटीचे दिवे बघत उभा ऱ्हायचा थोडा वेळ. मी चहाची खूण करायचो. कप हितंच ठेवायचा धुऊन." त्याने दाराजवळचा कट्टा दाखवला. "म्हटलं, होळी झाली की बोलू. मग म्हटलं, पाडव्याला. एवढी वर्षं गेली, आता घाई कसली."

खाली चौकात कुणीतरी पाण्याची मोटर लावली.

"पाडव्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही आलात आणि पेटी काढून नेलीत. मला वाटलं, त्यानेच काढायला सांगितली."

"नाही हो," मी म्हटलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता, म्हणून मी ते पुन्हा, नुसत्या ओठांनी म्हटलं. "मी काढली. त्यांना न विचारता. ते गावाला होते."

त्याला समजलं. समजायला वेळ लागला, पण समजलं. समोर, चौकापलीकडे, मामांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि भाऊ आतलं सामान बाहेर आणून ठेवत होता.

"आठ महिने हितून तिकडे बघत बसलो," बाजूवाला म्हणाला. "त्याला विचारायला पायजे होतं. पण आम्ही बोलत नव्हतो ना."